मर्टलच्या बाजूचे टाके

मित्रांनो, गोधडी शिवताना ताणून धरणारी एक जुनी चौकट तुमच्याशी बोलते आहे. मॅपल लाकडाच्या चार पट्ट्या आणि त्यांना कोपऱ्यांत आवळून धरणारे चार शिकंजे, याहून माझ्यात काही नाही. ओहायोतल्या एका छोट्या चर्चच्या तळघरात माझे आयुष्य गेले. माझ्या बोलण्याचा तुम्हाला काही उपयोग होईल, याची मला खात्री नाही.

दर मंगळवारी चार बायका माझ्या चार बाजूंना बसत. व्हर्ना कापड बेतून द्यायची. तिचा शब्द शेवटचा. ओपल कॉफी करायची आणि हसवायची. अबोल नेटी सगळ्यांच्या सुया ओवून ठेवायची. मर्टल सर्वांत थोरली. तिचे हात कापत, टाके वाकडे पडत. पण दुसरीचा टाका कुणी उसवायचा नाही, अशी रीत होती. ती व्हर्नानेच घातली होती.

"मर्टल, तुझा टाका पिऊन आलाय वाटतं!" ओपल म्हणायची.

"तुझ्या कॉफीपेक्षा शुद्धीवर आहे गं."

त्या हसल्या की मीही हलत असे.

एका उन्हाळ्यात गोधडी जत्रेतल्या स्पर्धेला पाठवायचे ठरले. शेवटच्या मंगळवारी बाकीच्या गेल्यावर व्हर्नाने मर्टलची बाजू उसवली आणि स्वतः शिवली. मला प्रत्येक टाका निघताना कळत होता.

पहिल्या नंबरची निळी फीत मिळाली. मर्टलने गोधडीवरून बोटे फिरवली.

"माझे टाके कुठे गेले गं?"

"अगं, स्पर्धेपुरते जरा नीट केले," व्हर्ना म्हणाली. "नाव चौघींचंच आहे ना?"

"बरं केलंस, बाई." मर्टलने बोटातली शिवणाची टोपी, आपले अंगुस्तान, काढून पर्समध्ये टाकले. ती पुन्हा आली नाही. व्हर्ना घरी भाजलेला केक घेऊन तिच्या घरी गेली. मर्टलने तो गोड बोलून ठेवून घेतला, एवढेच.

"माझे उसवू नकोस हं," ओपल एकदा म्हणाली. कुणी हसले नाही. नेटी घरीच मशीनवर शिवू लागली. मग ओपलही येईनाशी झाली, तिची कॉफी बंद झाली. थंडीत व्हर्ना एकटीच येऊन बसे. पण एकटीचा हात गोधडीच्या मधोमध पोहोचत नाही. एके दिवशी तिने माझे शिकंजे सोडले.

आता माझ्या दोन पट्ट्या कुणाच्या तरी टोमॅटोच्या रोपांना आधार देतात. उरलेल्या दोन इथे तळघराच्या ओलीत कुजत आहेत. मला पुसा, जोडा, असे म्हणावेसे वाटते. पण भोवती बसणार कोण?

मित्रांनो, तुमच्यात कुणाचा टाका वाकडा पडत असेल, तर राहू द्या. मर्टलचा वाकडा होता, पण त्याने आम्हाला धरून ठेवले होते.