मावशीचा दिवा

चिमणीने मावशीच्या मनगटावरचा पट्टा ओढून काढला आणि तिला शिसारी आली. आतून पिवळट, चिकट थर साचला होता. तोंड वाकडं करत तिने तो आपल्या दंडावर करकचून बांधला.

"दिवा लागला का गं?" मावशीने विचारलं.

"लागला. माझ्या घामाला काय तोटा!"

पट्टे अंगातून पाझरणाऱ्या ताज्या घामावरच चालत. पट्ट्यावरचा दिवा हिरवा असला की साहेबांच्या फोनवर बाई कामात. विझला की कामचुकार. मावशीचा परवाही विझला होता. आज पुन्हा विझलेला दिसला असता, तर नोकरीवर पाणीच सोडावं लागलं असतं. बायकांना घाम यावा म्हणून साहेबांनी धुलाईखान्यातले पंखेही बंद करून टाकले होते. वाफ, साबण, हॉटेलांच्या मळक्या चादरी आणि सगळ्यांच्या अंगाचा आंबूस दर्प नाकात बसायचा, घरी जेवतानासुद्धा जायचा नाही. आपल्यावरचा पहारा आपल्याच घामावर फुकटात पोसला जातो, याची चिमणीला सर्वांत जास्त किळस येई.

"तुझा घाम गेला कुठे? विकलास की काय?" तिने चादर झटकत चेष्टा केली.

मावशी हसली नाही. घडी घातलेली चादर तिने उलगडली, पुन्हा घातली, पुन्हा उलगडली.

"पाहुणे आलेत ना," ती भ्रमात पुटपुटली आणि चादरींच्या ढिगावर कोसळली.

चिमणीने तिचा हात धरला. हात चटका बसेल इतका तापलेला आणि कोरडा ठणठणीत. उष्म्याने मावशीच्या अंगातला घामच आटला होता. दिवा विझला तेव्हाच बोंब मारायला हवी होती. आपण शहाणपणा करून तो पेटता ठेवला. आता तिला स्वतःचीच किळस आली.

"साहेब, दवाखान्याची गाडी बोलवा! मावशी पडली!"

इस्त्रीवाल्या काकू मावशीच्या अंगावर पाणी ओतू लागल्या. साहेब आपल्या गार खोलीतून आले ते फोनच्या पडद्यात बघतच.

"त्यांचा दिवा तर हिरवा आहे. आज सगळ्यांत जास्त काम त्यांचंच दिसतंय. नाटकं पुरे."

चिमणीने दंडावरचा मावशीचा पट्टा सोडला आणि तसाच निथळता साहेबांच्या कोरड्या मनगटावर दाबून धरला.

"आता बघा."

दिवा विझला. साहेब शहारले. फोन टेबलावर टाकून ते नळाकडे धावले आणि साबण लावून कोपरापर्यंत हात घासू लागले.

गाडीसाठी फोन चिमणीनेच लावला.