मागच्या सीटवरचा बारीक आवाज

जरा डोळे मिटून बसा. आता कल्पना करा, तुम्ही एका खोलीत उभे आहात. तिच्या भिंतींना, छताला, अगदी दाराच्या आतल्या बाजूलाही हातभर लांबीचे स्पंजाचे सुळके लावलेले आहेत. तुम्ही टाळी वाजवता. टाळी वाजते, पण हातातच संपते. भिंतीकडे जाऊन परत येत नाही. कुणाला हाक मारली तर शब्द ओठांपाशीच गळून पडतात. थोडा वेळ तसेच उभे राहिलात तर स्वतःचा श्वास मोठा वाटू लागतो आणि कधी एकदा बाहेर पडतो असं होतं.

गाड्यांच्या एका कारखान्यातल्या अशाच खोलीच्या मधोमध एक गाडी उभी होती. उंच, रुंद, चिखलातून आणि डोंगरातूनही जाऊ शकेल अशी. पण आतून एखाद्या श्रीमंत माणसाच्या दिवाणखान्यासारखी. लोकरीचा गालिचा, मऊ चामड्याच्या खुर्च्या, पाय पसरायला जागा, छोटा फ्रिज, खिडकीला बटणावर सरकणारा पडदा. ती अजून विकायला निघाली नव्हती. एवढी एकच तयार झाली होती आणि तिला पाहून पुढच्या सगळ्या बनणार होत्या.

ही गाडी आतून शांत ठेवायचं काम भिंगरीच्या आईकडे होतं. भिंगरी दहा वर्षांची. एका जागी बसत नाही म्हणून तिच्या मामाने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

गाडी शांत करणं म्हणजे दारं घट्ट लावणं, असं तुम्हाला वाटेल. भिंगरीच्या आईलाही सुरुवातीला काम तेवढंच वाटलं होतं. तिने आणि तिच्या माणसांनी खिडक्यांना दुहेरी काच बसवली. दारांना रबराच्या तीन-तीन पट्ट्या लावल्या. टायरच्या आतही स्पंज भरला. इंजिनाचा आवाज गेला, रस्त्याचा गेला, वाऱ्याचा गेला. आणि मग, इतके दिवस या मोठ्या आवाजांच्या मागे दडून बसलेले छोटे आवाज पुढे आले. सीटच्या पट्ट्याची कडी खुर्चीला टेकली की टक् व्हायचं. ते थांबवलं तर फ्रिजचा पंप गुणगुणताना ऐकू आला. पंपाखाली गादी घातली तर छतातली एक तार खरखरू लागली. एक आवाज मारावा, तर त्याच्या मागचा दुसरा तयारच. आईच्या नाकीनऊ आले होते.

ती घरी यायची ती पार थकून. जेवताना तिचा घास हातातच राहायचा. पंखा कुरकुरला की उठून बंद करायची आणि मग सगळे उकडत बसायचे. मामा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, त्यांच्याकडेच राहायचा. तो म्हणायचा की या घरात घोरायचं असेल तर आधी ताईची परवानगी काढावी लागते. भिंगरी हसायची, पण तिने स्वतःही पळणं सोडलं होतं. ती घरात टाचा उचलून चालायला शिकली होती.

आईने तिला एक शब्द दिला होता. गाडी पसंत असल्याची कारखान्याच्या मोठ्या साहेबांची सही झाली की ती लांब सुट्टी घेणार. दोघी समुद्रावर जाणार, लाटांचा हवा तेवढा आवाज ऐकणार. हा शब्द याआधी दोनदा पुढे गेला होता. दोन्ही वेळा सही होता होता कुठलातरी आवाज सापडला होता.

सहीचा दिवस उजाडला आणि मामाचा गाल दाढेने टम्म सुजला. तो दवाखान्यात गेला. शाळेला सुट्टी, घरी दुसरं कुणी नाही; आईने भिंगरीला बरोबर घेतलं.

सकाळी ऐकणारे आले. त्यांना कारखान्यात सगळे ‘कानवाले’ म्हणत. ही पाच माणसं गाडीत बसून फक्त ऐकायची आणि काय ऐकू आलं ते सांगायची. पाचही जण पिकल्या केसांचे. ते मुद्दामच तसे निवडले होते. एवढी महागडी गाडी घेणारा माणूस सहसा साठीच्या आसपास असतो, तेव्हा त्याच्याच वयाच्या कानांनी ती ऐकावी, असा तिथला रिवाज होता. ऐकायला अगदी शहाणपणाचा. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. माणसाचं वय वाढतं तसे, अगदी तिशीपासूनच, सगळ्यात बारीक, सगळ्यात उंच सूर त्याला ऐकू येईनासे होतात. त्याला ते कळतही नाही, कारण जे ऐकूच येत नाही ते गेलं हे कळणार कसं? आवाज मोजणाऱ्या यंत्राला ते सूर ऐकू येतात. पण यंत्राचा आलेखही या लोकांनी कानवाल्यांना ऐकू येई तिथपर्यंतच ठेवला होता. त्यापलीकडचं कशाला बघायचं, असं सगळ्यांना मनापासून वाटत होतं. भिंगरीच्या आईलाही.

कानवाले एकेक करून बसले आणि उतरले. त्यांच्यातले सगळ्यात वयस्कर काका म्हणाले, की बाई, या गाडीत आता माझ्या बायकोची बोलणीही गोड लागतील. सगळे हसले. मोठे साहेब म्हणाले, बैठक आटोपून येतो आणि सही करतो. मग खोली रिकामी झाली.

आई भिंगरीला घेऊन मागच्या सीटवर बसली. जाड दार आपल्या वजनाने अलगद मिटलं. आईने वाचायचा दिवा अर्धवट मंद केला, खुर्ची मागे रेलली, आणि सवयीनेच विचारलं,

“काही ऐकू येतंय का गं?”

भिंगरीला ऐकू येत होतं. मघापासूनच येत होतं. डासाच्या गुणगुणण्यापेक्षा कितीतरी बारीक, सुईसारखं, थेट कानात टोचणारं काहीतरी. तिने आईकडे पाहिलं. आईच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. भिंगरीच्या मनात समुद्र आला.

“नाही,” ती म्हणाली.

आईने मान हलवली आणि डोळे मिटले. बघता बघता तिचा श्वास लांब झाला. ती झोपली.

भिंगरी बघतच राहिली. घरी आईला कुणी काही नाही म्हटलं तरी तिचं समाधान होत नसे. कसला आवाज नाही, असं मामाने शपथेवर सांगितलं, तरी ती उठून प्रत्येक खिडकीची कडी दाबून यायची. साहेबांच्या शब्दावर ती झोपत नव्हती, यंत्राच्या आकड्यांवर झोपत नव्हती. आणि आता ही पोरीच्या एका ‘नाही’वर झोपली होती. तोंड थोडं उघडं, हात मांडीवर पालथा पडलेला.

सुई टोचतच होती.

भिंगरीने आधी कानांवर हात ठेवले. बरं वाटलं. पण जन्मभर कानांवर हात ठेवून या गाडीत कोण बसणार? ज्यांच्यासाठी ती बनत होती त्या आजोबांना काहीच कळणार नव्हतं. त्यांची नातवंडं मात्र इथेच मागे बसणार, कुरकुरणार, आणि मोठी माणसं त्यांना गप्प बसा म्हणणार. कधीतरी कुणीतरी शोधून काढेलच. मग सगळे आईला विचारतील. आईला आठवेल, की मी हिला विचारलं होतं.

आणि सांगितलं तर? आई उठेल. पुन्हा गाडीच्या आतलं सगळं उपसायचं, एकेक तार, एकेक पंप तपासत बसायचं. महिने जातील. समुद्र राहिलाच.

भिंगरी हळूच सीटवरून घसरून गालिच्यावर आली. तिने फ्रिजला कान लावला. तिथून नाही. फ्रिज बंद करून पाहिला, सुई तशीच. पडद्याचं बटण दाबलं तर पडदा सरकला आणि तिचा जीव धसकला, पण आई हलली नाही. पडद्यातूनही नाही. खुर्चीतून पाठ चोळून देणारं बटण होतं, हवेचं होतं, समोरच्या छोट्या टीव्हीचं होतं. ती एकेक बंद करी, ऐके, पुन्हा सुरू करी. कुठलंच गप्प होईना. तिला रडू यायला लागलं. आईचं रोजचं काम हेच आहे, हे तिला पहिल्यांदाच कळलं.

मग तिने वाचायच्या दिव्याची चकती फिरवली. दिवा पूर्ण उजळला आणि सुई थांबली.

भिंगरीने श्वास रोखला. चकती उलटी फिरवली. दिवा मंद झाला, सुई परत आली. पुन्हा पूर्ण उजेड, शांत. पुन्हा मंद, टोचणी. तिने सगळं पुन्हा एकदा करून पाहिलं, आईसारखंच, खात्री पटेपर्यंत.

तेवढ्यात खोलीचं जाड दार उघडलं. काचेतून तिला मोठे साहेब दिसले. कोटाच्या खिशातून पेन काढत ते गाडीकडे येत होते. सही व्हायला आता काहीच उशीर नव्हता. नुसतं गप्प बसलं की झालं.

भिंगरीने दिवा मंदच ठेवला. आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलवलं.

“आई, ऊठ. मघाशी मी नाही म्हटलं ना, ते खोटं होतं.”

आईने डोळे उघडले. तिला आधी काहीच उमगलं नाही. मग तिने कान टवकारले, मान तिरकी केली, बराच वेळ ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

“मला तर काहीच ऐकू येत नाही गं.”

“तुला तो आवाज यायचा नाही. पण तुला शोधायलाही नको. मी शोधलाय.”

आणि भिंगरीने आईचं बोट धरलं आणि नेऊन त्या चकतीवर ठेवलं.