काळ्या किल्ल्याचा दुसरा भाग
नातीचं लग्न झालं ते साल दोन हजार चार. हळदीच्या दिवशीच द्वारकाबाईच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं. परतूरच्या घरात नवऱ्याला, रामकिसनला, एकट्यानं तिला उचलणं होईना, म्हणून लेक नंदाबाईनं तिला वडीगोद्रीला, आपल्या शेतातल्या घरी नेलं. तिथं केबल पोचली नव्हती.

"पाणी तरी पिऊ दे की," रामकिसन बाजेच्या कडेला टेकला.

"पाणी कुठं पळून राह्यलं का? राणीचं सांगा." शब्द जड निघत होते, पण हुकूम जुनाच होता.

ही राणी 'काळा किल्ला' नावाच्या कार्टूनातली. शापानं सावली झालेली, काळ्या जंगलात आपल्या घराचं दार शोधत फिरणारी. आदल्या उन्हाळ्यात नातीनं लावून दिलं होतं. सुट्टी संपून नात परत गेली आणि ही दोघंच बघत राहिली. द्वारका टीव्हीपुढे पाट मांडून बसायची. एकदा कानावर घेतलेली कथा श्रावणातल्या पोथीसारखी समाप्तीपर्यंत ऐकायची, अर्धी सोडायची नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून आता दुसरा भाग रामकिसन एकटा बघायचा, वहीत लिहायचा आणि रविवारी एसटीनं येऊन वाचून दाखवायचा. अक्षरं त्याला साक्षरतेच्या वर्गात, अठ्ठावन्नाव्या वर्षी आली होती.

जन्मभर तो मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापारी. मूठभर ज्वारी हातात घेतली की माल कसा ते सांगायचा. कार्टूनचंही तसंच.

"पयल्या भागाची सर न्हाई," तो दर रविवारी म्हणायचा. "तव्हा राक्षसाला बी मन व्हतं. आता नुसती आदळआपट. अन इतका अंधार, की कोण कोणाला मारून राह्यलं ते कळत न्हाई. राणीचा आवाज बी बदललाय."

"मंग ती तीच हाय कशावरून?" द्वारका विचारायची.

आज शेवटचं सांगायचं होतं. रामकिसननं वही पिशवीतून काढलीच नाही.

"आली राणी घरी. दार उघडलं, दिवे लावले. झालं."

"वही न बघता?"

"पाठ झालंय."

"आरतीच्या चार ओळी पाठ न्हाईत तुम्हाला! नंदे, काढ गं वही."

नंदाबाईनं चुलीपुढून उठून हात पुसले. बापाकडे एकदा पाहिलं आणि वाचलं, "राणी दारापर्यंत आली. सावलीच्या हातानं दार ढकलत न्हाई. तिथंच थांबवलं. तिसरा भाग येनार म्हनले."



"तुला वाईट वाटंल म्हनून..." रामकिसन पुटपुटला.

"पोथीत आपल्या मनचं घालतेत का कुठं?" द्वारकानं धड असलेला हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. "समाप्ती झाली न्हाई म्हना की. मंग मला घरी न्या. तिसरा भाग आपल्या घरी बघू. मी नुसती पडून राहीन, काही मागनार न्हाई."

नंदाबाईनं तोंड फिरवलं.

"दिवाळीला नेतो," तो म्हणाला.

"बराबर?"

"बिलकुल."

परतूरला येऊन त्यानं टीव्ही कपाटावरून उतरवला आणि बुटक्या स्टुलावर ठेवला, बाजेवर पडल्या पडल्या दिसेल एवढा खाली. स्वतः आडवा होऊन बघितलं. मग स्टूल आणखी वीतभर पुढं ओढलं.

द्वारकाबाई त्याच साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, वडीगोद्रीला वारली.