पडदा ओढला त्या दुपारी

मित्रांनो, मी लोखंडाची एक जुनी खुर्ची आहे. कारखान्यात मला कापले, भाजले, हातोड्याने ठोकले, तेव्हा कुठे मी बसण्याजोगी झाले. मार खाणे मला नवे नव्हते. मारायला मात्र माणसांनी शिकवले.

इस्पितळाच्या अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर माझी जागा होती. जीव मुठीत धरून माणसे माझ्यावर बसत. त्यांना धीर द्यायला एक काकू येत. पूर्वी त्यांचे यजमान आत होते, तेव्हा बाहेर त्यांना कोणी एक शब्दही सांगितला नव्हता. म्हणून आता त्या हौसेने फुकट राबत. वॉर्डबॉय चिडवायचा, "काकू म्हणजे बिनपगारी फुल अधिकारी!" दाराच्या काचेतून खाटा दिसत. रुग्णाचे अंग पुसताना पडदा ओढत, आणि त्याआधी काकू बाहेर येऊन तसे सांगत.

त्या दिवशी आतल्या एका खाटेवरचा रुग्ण अत्यवस्थ झाला. एकच धावपळ उडाली आणि काकू सांगायचे विसरल्या. माझ्यावर एक ट्रकचालक बसला होता, सोबत त्याचे भाऊ होते. त्याने काचेतून पाहिले, तर वडिलांच्या खाटेभोवती पडदा!

"मारलं रे माझ्या बाबांना!"

त्याच्या भावांनी वॉर्डबॉयला भिंतीवर आपटले. ट्रकचालकाने मला उचलून काचेवर घातले. काचांचा खच पडला, सिस्टरचे कपाळ फुटले. मला घेऊन तो आत घुसला, पडदा फाटून खाली आला. रागाने आंधळा झालेला तो मला श्वासाच्या यंत्रावर घालणार, तोच काकू आडव्या आल्या. माझा पाय त्यांच्या हातावर बसला. हाड मोडल्याचा तो आवाज अजून माझी पाठ सोडत नाही.

"अरे, अंग पुसतोय त्यांचं!" काकू किंचाळल्या. "जिवंत आहेत तुझे बाबा!"

तोंडात नळी, छाती अर्धी ओली, म्हातारा टक्क डोळ्यांनी पाहत होता. मुलाने मला खाली टाकले आणि बाबांचा हात धरायला गेला. बाबांनी हात मागे ओढला.

म्हातारा वाचला. काकू हात गळ्यात बांधून पुन्हा येऊ लागल्या. मला मात्र अडगळीत टाकले.

मित्रांनो, आत असाल तर बाहेरच्याला दोन शब्द सांगा. बाहेर असाल तर आधी विचारा. त्या बापाने पुढे मुलाच्या हातात हात दिला की नाही, हे मला कोणीच सांगितलेले नाही.