कडी लावून दाखवलेलं राष्ट्रगीत

मी एक जुनी फीत आहे. सिनेमाचीच, पण माझ्यात हिरो नाही, मारामारी नाही आणि गाणं म्हणाल तर एकच. फडकणारा तिरंगा, शिस्तीत चालणारे जवान आणि बावन्न सेकंदांचं राष्ट्रगीत, एवढाच माझा ऐवज. टॉकीजमधले सगळे मला रीळ म्हणायचे. सध्या माझा मुक्काम सुरतेजवळच्या भेस्तानच्या एका भंगारवाल्याच्या गोदामात आहे, फुटक्या बॅटऱ्यांच्या शेजारी. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना गोड गोड बोलतात, असं मी ऐकून आहे. मला ते जमायचं नाही. मला राग आलेला आहे आणि तो गिळून बोलायची सवय मला नाही.

माझा जन्म मुंबईच्या एका लॅबमध्ये झाला. चीनचं युद्ध होऊन गेलं होतं आणि खेळ संपला की राष्ट्रगीत दाखवायचं, अशी पद्धत टॉकीजांमधून सुरू झाली होती. माझ्यासारख्या पुष्कळ फिती तेव्हा निघाल्या. मी सुरतेला आले, उधन्याच्या एका टॉकीजमध्ये. तिथला ऑपरेटर होता काशिनाथ, खानदेशातल्या चोपड्याकडचा तरुण पोरगा. मशीन चालवता चालवता बिडीसुद्धा ओढणारा हा गडी मला मशीनवर चढवताना मात्र बिडी विझवायचा आणि ताठ उभा राहायचा. त्या गरम केबिनमध्ये त्याला बघायला कोण येणार होतं? पण तो उभा राहायचा.

मला गुंडाळताना तो माझी कुळकथा सांगत बसे. ऐकायला असे सुकलाल, त्याच्याच गावाकडचा, टॉकीजचा डोअरकीपर. हे गीत बंगालच्या एका कवीनं लिहिलं, काशिनाथ सांगायचा, आणि एकोणीसशे अकरा साली डिसेंबरात कलकत्त्याला काँग्रेसच्या अधिवेशनात ते पहिल्यांदा गायलं गेलं. कडवी पाच आहेत, आपण पहिलंच म्हणतो. सुकलाल लगेच खोडी काढायचा. हे इंग्रजांच्या राजासाठी लिहिलंय म्हणतात ना रे? मग काशिनाथ असा भडकायचा की विचारू नका. त्याच अधिवेशनात राजाच्या स्वागताचं एक वेगळंच गाणं झालं होतं, इंग्रजी पेपरवाल्यांनी दोन्हींची खिचडी केली, आणि कवीनं पुढे स्वतः लिहून सांगितलं की ही स्तुती राजाची नव्हे, तरी लोकांच्या तोंडी तेच!

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपलं राष्ट्रगीत कोणतं हे ठरलेलंसुद्धा नव्हतं, हेही मी त्याच्याकडूनच ऐकलं. न्यूयॉर्कला जगातल्या देशांची सभा भरली आणि तिथल्या वाद्यवृंदानं आपल्या लोकांकडे राष्ट्रगीत मागितलं. आपल्यांनी या गीताची तबकडी दिली. वाद्यांवर ते असं वाजलं की परक्या देशांचे लोक वाहवा करायला लागले. तरी इकडे वाद चालूच होता, हे गीत की दुसरं. अखेर चोवीस जानेवारी एकोणीसशे पन्नासला, प्रजासत्ताक व्हायच्या दोन दिवस आधी, यावर शिक्का बसला. एवढ्या खटपटीनंतर ते तुमच्यापर्यंत आलंय, मित्रांनो. आणि तुम्ही लोकांनी त्याचं काय केलंत ते आता ऐका.

माझा पहिला जवान पडद्यावर यायच्या आत खुर्च्या खडखडायला लागायच्या. बाल्कनीवाले जिना गाठायचे, खालचे दाराकडे धावायचे. सगळ्यांना मी दोष देत नाही. कुणाला रात्रपाळीला मागावर उभं राहायचं असे, कुणाची चलथाण-बारडोलीची शेवटची गाडी सुटायची असे. पण ज्यांना कुठेच जायचं नव्हतं तेही धावायचे, बाहेर जाऊन पानाच्या टपरीवर तासभर उभे राहायचे. तिथे बरे पाय दुखत नसत! शेवटी शेठनं हुकूम काढला, रीळ लागलं की दाराला बाहेरून कडी घालायची. मग लोक दारावर धक्के मारायचे, शिव्या द्यायचे, आणि त्या शिव्यांच्या तालावर माझा तिरंगा फडकायचा. काशिनाथला केबिनच्या झरोक्यातून दिसायच्या त्या लोकांच्या फक्त पाठी.

एकदा गर्दीच्या रेट्यानं कडी उखडली आणि तिच्यात सुकलालचं बोट सापडून मोडलं. ते पुन्हा कधी सरळ झालं नाही. शेठनं दुसऱ्या दिवसापासून मला बंद केलं. पुढे सगळीकडेच ती पद्धत मागे पडली. सुकलाल मात्र ते वाकडं बोट काशिनाथच्या नाकासमोर नाचवायचा आणि म्हणायचा की तुझ्या राष्ट्रगीताला कडीशिवाय कुणी थांबायचं नाही. काशिनाथ खाली वाकून पुढचं रीळ गुंडाळायला घेई. त्याच्या मनात ते किती खोल रुतलंय, हे मला ठाऊक होतं.

पुढची वीस-बावीस वर्षं मी डब्यात काढली. डबा पत्र्याच्या छपराखालच्या फळीवर, आणि सुरतेचं ऊन तुम्हाला माहीत आहे. माझ्या डब्यावर चहाचे ग्लास ठेवले गेले. चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला आणि टॉकीज काही दिवस बंद राहिलं, तेव्हा पांढरी पावडर फवारणाऱ्यांनी मलाही सोडलं नाही. मी सुकत गेले, आखडत गेले. शेठनं दोनदा मला फेकायला सांगितलं. दोन्ही वेळा काशिनाथनं डबा फळीवर आणखी मागे सरकवला. हो म्हणायचा आणि करायचा मात्र स्वतःच्याच मनासारखं, असा माणूस.

मग आलं सत्त्याण्णव साल. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली, आणि सगळ्यांना एकदम देश आठवला. शेठनं पंधरा ऑगस्टला सकाळी फुकट खेळ ठेवला. मोठे पाहुणे, शाळेची मुलं, समोसे, आणि सुरुवातीला राष्ट्रगीताची कॅसेट. काशिनाथ शेठकडे गेला आणि म्हणाला की कॅसेट कशाला, आपल्याकडे रीळ आहे. चार दिवस तो मऊ फडक्यानं मला पुसत होता, पूर्वी तुटले होते तिथे चिकटवलेले जुने जॉइंट बोटानं चाचपत होता. मी आखडलेय हे त्याला कळत होतं. पण त्याला मी हवी होते. आणि खरं सांगू? मलाही जायचं होतं त्या पडद्यावर, एकदा तरी माणसांच्या चेहऱ्यांसमोर.

त्या सकाळी त्यानं सुकलालला गाठलं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं तो अगदी हळू बोलला.

“सुकलाल, आज कडी लावू नको. दार उघडं ऱ्हाऊ दे. आज कोनी जावाव नही.”

आज कुणी जाणार नाही, असं तो म्हणत होता. सुकलाल हसला, पण त्यानं दोन्ही दारं सताड उघडी ठेवली आणि बाजूला उभा राहिला.

मी मशीनवर चढले. तिरंगा पडद्यावर आला आणि मित्रांनो, सगळं टॉकीज उठलं. पाहुणे उठले, शेठ उठला, मुलं उठली. बाहेर रस्ता दिसत होता, समोशांचा वास आत येत होता, तरी एक माणूस दाराकडे वळला नाही. काशिनाथ झरोक्यातून बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते, हे मी मशीनमधून जाता जाता पाहिलं.

आणि निम्म्यावर एक जुना जॉइंट सुटला. मी तुटले. आवाज खटकन बंद झाला, पडदा पांढराफटक पडला.

काशिनाथ माझी टोकं शोधायला लागला. त्याला वाटलं, लोक उभेच राहतील, निदान कुजबुज तरी होईल. पाहुण्यांनी पांढऱ्या पडद्याकडे पाहिलं, शर्ट खाली ओढला आणि ते बसले. मग शेठ बसला. मग सगळे बसले आणि टाळ्या वाजल्या. चांगल्या जोरात वाजल्या.

काशिनाथनं घाईघाईनं जॉइंट मारला आणि मला पुन्हा पहिल्यापासून चढवायला घेतलं, तोच शेठ केबिनच्या दारात आला.

“थई गयुं ने, काशिनाथ? हवे पिक्चर चालू करो.” झालं ना, आता पिक्चर लाव, असं त्याचं म्हणणं.

“शेठ, आधा ही हुआ.”

शेठनं घड्याळ पाहिलं. पाहुण्यांना पुढे दुसरीकडे झेंडावंदनाला जायचं आहे, एवढंच बोलून तो खाली गेला. खालून शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. काशिनाथनं मला उतरवलं आणि पिक्चर लावला.

मध्यंतरात तो खाली गेला. दारापाशी मुलांना रांगेत उभं करणाऱ्या अपर्णाबाई होत्या, जवळच्याच शाळेतल्या. त्यानं विचारलं, “बाई, राष्ट्रगीत कुठपर्यंत आलं होतं?”

“कुठपर्यंत म्हणजे? पूर्ण झालं की. छान वाटलं.”

त्यानं समोसे वाटणाऱ्याला विचारलं, पाहुण्यांच्या ड्रायव्हरला विचारलं, पहिल्या रांगेतल्या दोघा-तिघांना विचारलं. कुठली ओळ चालू होती हे कुणाला सांगता येईना. ते अर्धंच झालं, हेही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तो वर आला तेव्हा सुकलाल केबिनमध्येच बसला होता. आज पहिल्यांदाच त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. दार उघडं होतं आणि कुणी गेलं नाही, तूच जिंकलास, असं तो मनापासून म्हणाला. काशिनाथ मला डब्यात गुंडाळून ठेवत होता. तो मान वर न करता बोलला.

“कडी व्हती तेच बरं व्हतं. पळनारासले तरी म्हाईत व्हतं, ते अजून चालू शे.”

पळणाऱ्यांना निदान ठाऊक होतं, की ते अजून चालू आहे.

शेठनं मला टाकलं असं समजू नका. त्याला माझी आठवणही नव्हती. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला, तेव्हा काशिनाथनंच फळीवरून डबा काढला आणि त्याच्या हातगाडीवर ठेवला. मला वाटलं, तो एकदा तरी झाकणावरून हात फिरवील. तो सरळ वळला आणि मशीन पुसायला गेला.

मित्रांनो, मला सांभाळा असं मी म्हणणार नाही. ती वेळ गेली, मी आता तुकड्यांत आहे. तुम्ही उभे राहता, ते मला ठाऊक आहे. उभं राहायला तुम्हाला छान शिकवलंय. पण पुढच्या वेळी ते मधेच थांबलं, तर लगेच बसू नका. उरलेलं येत असेल तर तिथूनच पुढे म्हणा. आणि येत नसेल तर टाळ्या तरी वाजवू नका.