चाड्यातलं तेल

दुपारी साडेतीनला इकबालनं डब्याच्या झाकणावरचा पंप ओढणं थांबवलं. आतल्या लाकडातून हवेचा बुडबुडा निघत नव्हता आणि रसायन लाकडात शिरत नव्हतं. वर पिवळट तवंग मात्र धरला होता.

डबा त्याच्या बायकोचा, गुलनारचा, त्यातली हवा ओढून अन्न टिकवायचा. कापसाच्या जिनिंग गिरण्या थंडावल्या, तसं त्याच्या खरादावर, लाकूड कातायच्या यंत्रावर, काम येईना. तेव्हा त्यानं फोनवर पाहून ही युक्ती उचलली होती : किडकं लाकूड रसायनात बुडवायचं, हवा ओढली की ते पोकळीत शिरतं, तापवल्यावर लाकूड टणक होतं आणि खरादावर फुटत नाही. बाभळीचे दोन तुकडे साधलेही होते.

"भावानं दुबईहून डबा धाडला," गुलनार पाहुणीला सांगत होती, "अन् यायनं त्यात लाकडाचं लोणचं घातलं."

पाहुणी, विमलताई, हसल्या. लाकूड त्यांचंच होतं : तिफणीवरचं चाडं, ज्यात मुठीनं बी सोडत पेरणी व्हायची ती लाकडी वाटी. यंदा बोंडअळीनं कापूस नेला आणि त्यांनी वावर मक्त्यानं दिलं. तिफण सरपणात गेली. चाडं तेवढं त्यांनी पदराखाली आणलं. बी खाली जायची भोकं बुजवून त्याचा कुंकवाचा करंडा करायचा, नातीच्या, सुरभीच्या लग्नात द्यायला. दुसरं काही द्यायला नव्हतं.

इकबालनं चाडं बाहेर काढून नखानं खरवडलं, नाकाशी नेलं.

"ताई, याले तेल लावलं होतं का?"

"मंग? दर पेरणीले. पूजा करून जवसाचं तेल पाजल्याबिगर तिफण वावरात नेत नसे आमच्यात. कालबी पाजलं. म्हटलं, तुमच्याकडं कोरडं कायले आणावं."

तेल पाजलेल्या लाकडात रसायन मुरत नाही, हे त्यानं सावकाश सांगितलं. तसंच किडकं खरादावर चढवलं तर भुगा होईल. थिनरमध्ये बुडवून ठेवलं तर तेल सुटेल, मग जमेल.

विमलताईंनी चाडं मांडीवर घेतलं. कडेवर, मुठीच्या घासणीनं खोलगट झालेल्या जागी, अंगठा फिरवला.

"सासूबाईनं लावलेलंबी निंगन?"

इकबालनं थिनरच्या डब्याकडं पाहिलं.

"सारंच निंगन, ताई."

गुलनारनं चहा आणला. तो विमलताईंनी बशीत ओतून संपवला, गुलनारला तिच्या बाकीच्या पोरींच्या लग्नाचं विचारलं. मग बाहेर जीपवाल्यानं हाक दिली तशा उठल्या. चाडं बाकावर ठेवलं.

"काय करू?" इकबालनं विचारलं.

"फोनवर सांगीन." जीप भरलेली होती, त्या दाराशी अंग चोरून बसल्या.

अंधार पडेपर्यंत त्यांचा फोन आला नव्हता, आणि इकबालनं थिनरचं झाकण उघडलं नव्हतं.