श्वासाला जागा असलेली कॅसेट

बडनेऱ्याच्या सहदेवच्या बॅन्डमध्ये सूर्यभान ट्रम्पेट वाजवायचा, आणि त्या हंगामात त्याचा दम पुरेनासा झाला होता. कपाशीचे भाव पडले तशी लग्नंही रोडावली होती. मिळेल ती वरात हातची जाऊ नये म्हणून सहदेव नवीच फिल्मी गाणी घ्यायचा. ती अशी धावायची की दोन ओळींत श्वासाला फट नसायची. मागच्या वरातीत सूर्यभान मध्येच थांबला, तेव्हा नवरदेवाच्या घोड्यानंही वळून पाहिलं.

"काका, पुढच्या लग्नापासून तुमी झांजा घ्या," सहदेव म्हणाला. "ट्रम्पेट दुसऱ्याले देतो."

"झांजा वाजवायले काही यावं लागते का?"

"नाही. म्हणूनच तर सांगून राहिलो."

दुसऱ्या दिवशी सूर्यभान अमरावतीला अब्दुल सत्तारच्या कॅसेटच्या दुकानात गेला.

"सत्तारभाई, सावकाश चालणारं काही आहे का?"

"भजन देऊ?"

"भजनावर वरात नाचत नाही."

सत्तारभाईंनी खालच्या खणातून एक जुनी कॅसेट काढली. जमैका नावाच्या बेटावरचं रेगे संगीत. वेष्टनावरचा गायक उन्हानं जवळजवळ पुसला होता.

"दुकान टाकलं तवापासून आहे. कोणी घेत नाही."

"मग ठेवता काहून?"

"विकली तर मी काय ऐकू?"

कॅसेट लागली. खालचा जाड सूर जेवून निघालेल्या माणसासारखा चालत होता. गिटार नेमकी तिथं वाजे, जिथं आपला ढोल गप्प बसतो. गाणारा एक ओळ म्हणायचा आणि मग खुशाल थांबायचा. त्या थांबण्यात सूर्यभाननं नकळत श्वास भरून घेतला.

"परत लावा," तो म्हणाला. शब्द दोघांनाही कळत नव्हते. दोन्ही बाजू संपेपर्यंत गिऱ्हाईक मात्र ताटकळलं.

सूर्यभाननं सहदेवकडून एका वरातीची मुदत मागून घेतली आणि ढोलवाल्याला शिकवायला बसला. "हात सवयीनं पडते तिथं मारू नको. थोडं थांब, मग मार."

अंजनगाव सुर्जीच्या लग्नात त्यांनी तेच वाजवलं. सूर्यभान कुठंच अडखळला नाही. एरवी बाजूनं चालणारी म्हातारी माणसंही डुलायला लागली, कारण यात दम लागत नव्हता. मग कोणी पुढं सरकेनाच. मारुतीच्या देवळाजवळच मुहूर्त टळला. गुरुजींनी पंचांगातून दुसरी वेळ काढून दिली.

"काका, तुमी चांगलं वाजवलं," सहदेव म्हणाला. "पण उद्यापासून झांजाच."

तेवढ्यात त्याच गावच्या बौद्ध वस्तीतल्या बेबीताई आल्या. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

"आमच्याकडे हेच वाजवाल का?"

"ताई, याच्यात मुहूर्त हुकते."

"आमच्यात मुहूर्त कुठं असते? नवरदेव पोचला का वंदना घेतो अन् लग्न लावतो."

सहदेवनं सूर्यभानकडे पाहिलं. "काका, अख्खी वरात निभल का?"

"निभल. त्या गाण्यात थांबणंच जास्त आहे."

सहदेवनं सुपारी घेतली. जानवशापासून मांडव हाकेच्या अंतरावर होता, तरी वरात सकाळीच काढायची असं ठरलं.